हात लागल्याशिवाय खो नाही

मी कामतघरच्या एका शाळेतला खो-खोचा खांब बोलतोय. उंचीला मुलींच्या छातीपर्यंत, अंगानं गुळगुळीत आणि स्वभावानं जरा बढाईखोर. माझा जुळा भाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. एकाच सागाचे आम्ही दोघं. अंबाडीच्या अनंता सुतारानं आम्हाला इतकं घासलं की बोटाला कुसळ लागू नये. "पोरी मिठ्या मारतील तुम्हाला," असं तो म्हणाला होता. खरंच होतं ते! गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी मला मिठ्या पडतात. शेजारच्या कारखान्यातले लूम खडखडत असतात आणि त्यावर कडी करून पोरी ओरडत असतात.

त्यांतली धम्मदिना माझी लाडकी. नववीत होती तेव्हाची ही गोष्ट. धावत आली की एका हातानं मला धरायची, गर्रकन वळायची आणि समोरची पोरगी कुठं पळाली हे कळायच्या आत तिला गाठायची. तिची मैत्रीण उन्नती संघाची कप्तान. दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र काहीतरी बिनसलं. धम्मदिनाचा वेग तोच होता, पण खो देताना हात हवेतच थांबायचा. बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, हा नियम लहान पोरांनाही ठाऊक असतो. ही नुसतंच म्हणायची.

"फाऊल! लक्ष कुठाय तुझं?" रवींद्र सर ओरडायचे.

मग पोट दुखतंय म्हणून ती बाजूला बसायला लागली. डबा तसाच घरी जायचा. डोळ्यांखाली काळं आलं. मला धरायची तेव्हा तिच्या तळव्याला घाम असायचा, तोही धावण्याआधीच.

तिची आई कौसल्याताई एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं सगळ्या तपासण्या करून घेतल्या. एक दिवस ड्युटी संपवून ती थेट मैदानावर आली आणि माझ्याशेजारी लेकीजवळ जमिनीवरच बसली.

"रिपोर्ट चांगले आलेत. डॉक्टर म्हणाल्या, मुलीला कुणीतरी दुखावलंय. कोण गं?"

पोरीनं मूठभर गवत उपटलं. मग एकदम बोलली. उन्नतीच्या वाढदिवसाला ती तिच्या घरी गेली होती. उन्नतीच्या आजीनं, सीताबाईनं आडनाव विचारलं. मग तिच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि कागदाचा दिला. बाकी सगळ्यांना स्टीलचे.

"उन्नती तिथंच होती, आई. काहीच नाही बोलली. नंतर मी खो दिला की ती पाठ झटकायची. बाकीच्या हसायच्या. मला झोपच येत नाही. माझ्यातच काही वाईट आहे का?"

"तुझ्यात?" कौसल्याताईचा आवाज चढला. "त्या ग्लासात जे होतं ते पाणीच होतं, आणि तू माझी पोरगी आहेस. वाईट वागले ते, आणि आजारी तू पडायचं?"

ती तशीच उठून सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं आणि टोपी काढली.

"ताई, माझं चुकलं. मी हिचे पाय बघत राहिलो, चेहरा बघितलाच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि ग्लासाची, पाठ झटकण्याची गोष्ट काढली. हसणाऱ्या मुलींच्या माना खाली गेल्या. उन्नती मात्र भडकली. "मी कुठं काय बोलले? आजी म्हणाली!"

"तेच तर!" धम्मदिना उभी राहिली. "तू बोलली नाहीस. तू बोलायला पाहिजे होतंस."

उन्नती रडत घरी गेली. पुढचे दोन दिवस ती आलीच नाही. मला वाटलं, संपला संघ.

तिसऱ्या दिवशी ती आली ती थेट धम्मदिनासमोर. "मी चुकले. आजीशी भांडले. ती म्हणते, 'आमच्यात असंच हाय, बदलायचं न्हाय.' मी सांगितलं, मग मला पण कागदाचाच ग्लास दे. दोन दिवस त्यातच पितेय."

धम्मदिना लगेच हसली नाही. "मला राग आहे अजून," ती म्हणाली.

"असू दे. पण आज तुझ्याकडे जेवायला येऊ?"

सुकट आणि तांदळाची भाकरी होती म्हणे. उन्नतीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. आणि कौसल्याताईनं सरांना मुद्दाम येऊन सांगितलं, की महिन्याभरानं पहिल्यांदाच धम्मदिनानंही दोन खाल्ल्या. झोप मात्र हळूहळू परतली. त्याला बरेच आठवडे गेले.

तालुक्याचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटचं मिनिट, एक गडी बाद व्हायला हवा होता. धम्मदिना धावत आली आणि उन्नतीच्या पाठीवर असा हात मारला की मैदानभर आवाज गेला. "खो!" उन्नती उसळली, माझ्यावर सूर मारला आणि पळणारीचा पाय धरला. मी मुळापासून हाललो! सामना आमचा झाला, आणि धम्मदिना नि उन्नती मातीत लोळत हसत होत्या.

आता मी थोडा झिजलोय, बुडाशी वाळवीही लागलीय. पण तुम्हाला एक सांगायचंय. एखादं लेकरू रोज सकाळी पोट दुखतं म्हणालं, तर औषध जरूर द्या. पण शाळेत त्याच्याशेजारी कोण बसतं आणि कोण उठून जातं, हेही विचारा.

बरं, आता मला सोडा. सरांनी शिट्टी तोंडात धरलीय आणि दहावीतली धम्मदिना सुसाट माझ्याकडेच येतेय. बाजूला व्हा, आली!