तार आली

तार वाडीत पोचली त्या सकाळी नरहरीअण्णा खुटवड वारले, आणि ही गोष्ट त्यांना पोहे खाताना कळली.

"तार आली गं बाई, तार!" म्हणत शेजारची म्हातारी सोनाई कंक त्यांच्या अंगणात मटकन बसली आणि तिनं गळा काढला.

कुसरवाडीला पूर्वी तार यायची ती कुणी गेलं तरच. आजची तार इंटरनेटची, काळी, जाडसर. ती अण्णांनीच मागवली होती. मुलगी कालिंदी लग्नानंतर दूर गेली ती परत फिरकली नव्हती. निदान तिचं तोंड तरी दिसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"कुणाच्या घरात जाते ही?" सोनाईनं तार ओढत आलेल्या तारवाल्याला विचारलं.

"एकाच. ह्यांच्या."

बायांनी चुली विझवल्या. माणसं माजघरात दाटीनं बसली. जो येईल तो भिंतीला टेकायचा आणि भिंत आत सरकायची.

"अहो, मी आहे," अण्णा हळूच म्हणाले.

"अण्णा, आज तरी मधे मधे बोलू नका," कुणीतरी म्हणालं.

अण्णा म्हणजे जन्मभर पुस्तकांत डोकं घातलेला माणूस. चारचौघांत बोलताना आपलंच चुकत असेल असं त्यांना नेहमी वाटे. आज तर अख्खी वाडी रडत होती. त्यांनी बशी बाजूला ठेवली. पोह्यांना चव उरली नव्हती.

"पोरं रेंजच्या दगडावर जाऊन आली, तिथंच काय तो फोन लागतो," सोनाई डोळे पुसत म्हणाली. "कालिंदीला कळवलं. निघाली ती."

"इकडे? खरंच येतेय?"

"मग! जित्या बापाला भेटायला आली होती का कधी?"

दुपारपर्यंत माजघर आखडत आखडत एका माणसाच्या लांबीचं झालं होतं. ते आडवे झाले, तेव्हा बरोबर मावले. सोनाईनं त्यांच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं.

तारवाल्यानं इंटरनेटची डबी भिंतीला ठोकली. हिरवा दिवा लागला आणि अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातला मोबाइल वाजू लागला. सोनाईनं तो उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर घाटाचा पायथा, गाडीची काच, आणि कालिंदी. केस पिकले होते तिचे. नाक अगदी आईचं.

"हलू नका हं," सोनाई कानाशी कुजबुजली. "जिते दिसलात तर पायथ्यावरनंच माघारी जाईल."

"बाबा?" कालिंदी म्हणाली. "बाबा, आवाज येतोय का?"

पान ओठांवर होतं.

"दिसताय, पण हलत नाही आहात. चित्र अडकलंय वाटतं. डोळे उघडे असतानाच अडकलंय." तिनं पडद्यावर बोटानं टिचकी मारली. "थांबा तसेच. मी चढतेय."

अण्णांनी पापणी लवू दिली नाही. उजव्या डोळ्यात पाणी भरत चाललं होतं. कडेपर्यंत आलं होतं, अजून ओघळलं नव्हतं.