फ्लॉपीतला आवाज

जोह्याच्या पुंडलिकशेठच्या गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा गावाला काय कौतुक! शेठनं त्याला वेगळी खोली दिली, पंखा दिला, दारावर लिंबू-मिरची टांगली. पेणच्या बाजारात कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरला व्हायरस लागतो, तसा शेठ हबकलाच. सर्दीवाल्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाय, असा हुकूम सुटला. कारखान्यातला शिवा एकदा दारात शिंकला तर शेठनं त्याला सगळ्यांदेखत असा काही झाडला की विचारू नका. आणि पासवर्ड? तो तर इतका गुप्त, की विसरू नये म्हणून शेठनं तो अर्ध्या कारखान्याला पाठ करायला लावला होता.

मशीन चालवायची सखाची लेक प्रतिक्षा. सखा त्याच कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. पोरगी पेणला क्लास करून आली आणि शेठच्या ऑर्डरी टाइप करायला बसली. भारी खोडकर. शेठ उगाच भलतंच बटण दाबायचा आणि मशीन ‘टिंग’ करायचं. तिनं एक दिवस माइक लावून त्या जागी आपला आवाज भरून ठेवला. तेव्हापासून शेठ चुकला रे चुकला, की मशीनमधून प्रतिक्षा ओरडायची, "चुकलात! परत करा!" अख्खा कारखाना पोट धरून हसायचा. शेठही हसायचा, करतो काय!

पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग पेण, मग पनवेल. व्हायला नको तेवढा उशीर झाला. विशीतली पोर हातची गेली.

बारावं झालं आणि सखा कामावर आला. खोलीत शेठ एकटाच मशीनशी झटत होता. आतून आवाज आला, "चुकलात! परत करा!" सखाच्या हातातला ब्रश खाली पडला. शेठ बाहेर आला, खाली मान घालून म्हणाला, "बंद कसा करतात ते मला नाय ठाऊक रे सखा." सखा म्हणाला, "नका करू शेठ." त्या दिवसापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत सखा खोलीत जाऊन बसायचा आणि हाताला येईल ते बटण दाबायचा. मशीन चिडायचं, पोरगी बोलायची. डबा तसाच राहायचा. कुणी त्याला हटकलं नाही.

घरी मात्र त्याची बायको सरू पेटून उठायची. "मेलेल्या पोरीला डब्यातून बोलवताव? मला नाय ऐकायचं. माझ्या दारात ते नाव पन काढू नका." ती एकदाही कारखान्यात आली नाही. दोघं एका ताटाशी बसायची आणि आपापलं दुःख गिळायची.

वर्ष असं गेलं. मग शेठच्या भाच्यानं पनवेलहून पत्त्यांचा गेम आणला आणि त्याच्याबरोबर तो व्हायरसही आला. एवढी लिंबं टांगली, पण आला तो घरच्याच माणसाच्या खिशातून! ऐन सीझनमध्ये मशीन आडवं पडलं. रोह्याचा हर्षद मेकॅनिक आला, मशीनचा डबा घेऊन गेला. सखा त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला. "बाबा, बाकी काय बी जाऊ दे. तेवढा आवाज वाचव."

गणपती गेल्यावर हर्षद एक काळी फ्लॉपी घेऊन आला. "काका, एवढंच हाती लागलं. मशीन कामातून गेलंय." नवं मशीन पुढच्या सीझनला बघू, असं शेठ म्हणाला. सखानं फ्लॉपी रुमालात गुंडाळली आणि घरी आपल्या ब्रशांच्या डब्यात ठेवली. त्याच्या लेखी घरात त्याहून जपलेली जागा नव्हती. सरूला त्यानं एवढंच सांगितलं, "ह्यात ती हाय."

दसरा आला. कारागिराच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा, ब्रशला हात लावायचा नाही. सखा आपट्याची पानं आणायला गेला होता. परत आला तर पाटावर ब्रश ओळीनं मांडलेले, मधोमध फ्लॉपी, तिच्यावर झेंडूचं फूल आणि पुढं सरू डोळे पुसत बसलेली. वर्षभरात पहिल्यांदाच ती आपण होऊन लेकीविषयी बोलली, "मला पन ऐकायचंय तिला. न्या ना मला."

सखाला काय करू नि काय नको झालं! दुसऱ्याच दिवशी दोघं एसटीनं पेणला आली आणि तिथून रोह्याची गाडी पकडली. सरूनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गाडीत ती सारखी विचारत होती, "माझी पयलीच खेप ना? मंग मला वळखंल का ती?" आणि मग स्वतःच कसंनुसं हसत होती.

हर्षदनं दोघांना खुर्च्या दिल्या. फ्लॉपी हातात घेऊन त्यानं तिची पत्र्याची झडप सरकवली आणि तो थबकला. आतल्या काळ्या चकतीवर लालभडक, सुकलेलं कुंकू होतं.

"हे काय काकी?"

"कुंकू," सरू म्हणाली. "ती पट्टी सरकते ना, आत तिचं कपाळच दिसलं मला. तेलात कालवून लावलं. दवाखान्यातून आनली तेव्हा कुनी लावू दिलं नव्हतं मला. राहिलं होतं तेवढं."

हर्षदनं सखाकडं पाहिलं आणि सखा काय ते समजला. रागाची एक सणक थेट डोक्यात गेली. ओरडायला तोंडही उघडलं. पण बायको हात जोडून त्या मशीनकडं बघत होती. त्यानं तोंड मिटलं.

हर्षदनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवून चकती पुसली, हळूहळू फिरवून पुसली. फ्लॉपी आत घातली. घर्र घर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्र. मग ‘टिंग’.

"ही नाय ना?" सरूनं विचारलं.

"नाय गो." 

पुन्हा पुसली, पुन्हा घातली. टिंग. "तुमच्याकडं फ्लॉपी दिलीय म्हणून माझ्याकडची कॉपी मी पुसून टाकली हो काका," हर्षद रडवेला झाला. सरूनं टेबलावरचा लाल कापूस पाहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यानं झालं? माझ्या कुंकवानं?"

"नाय नाय. जुनी झाली होती," सखा घाईघाईनं म्हणाला.

"मंग तुमी तरी सांगा. कशी बोलायची ती?"

सखानं शब्द आठवले, तोंडात घोळवले. शब्द होते, आवाज नव्हता. वर्षभर मशीनमधून ऐकला आणि मनात साठवायचा राहूनच गेला. तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मला नाय येत गो सरू. मला नाय आठवत."

सरू उठली. पदरानं त्याचं तोंड पुसलं. "मला आठवतंय. संध्याकाळी पेणवरनं आली की बांधावरनंच हाळी द्यायची." आणि भर दुकानात तिनं गळा ताणून साद घातली, "आये, मी आले गो! भूक लागलीय!"

पोरीचा आवाज बारीक होता, शेवटाला वर जाणारा. हा सरूचाच घोगरा, रडून बसलेला गळा होता. त्यात लेकीचं काही म्हणजे काही नव्हतं.

"अशीच ना?" तिनं विचारलं.

"व्हय," सखा म्हणाला. "अगदी अशीच."