पहिला हात कोणाचा

सकाळी चित्रा पोळ्या लाटत होती. पंजाबी मुलखातल्या मनीमाजऱ्यात, त्या दोन खोल्यांत स्वयंपाकाची जागा एवढीशी, की रागिणीला दप्तर भरायला दारातच बसावं लागे. अतिरेक्यांच्या भीतीने हल्ली शाळेच्या बसच्या दारात मुलांच्याही पिशव्या तपासत, म्हणून दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं. नऊ वर्षांच्या रागिणीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीतच येई.

"मम्मी, आपने बिंदी नहीं लगाई।"

"लावते गं. पिठाचे हात आहेत."

"मैं लगा देती हूँ।"

आणि तिने लावलीही. गेल्या मे महिन्यात चित्राचा नवरा अशोक सरकारी दौऱ्यावर असताना बसवर गोळीबार झाला, त्यात तो गेला. त्यानंतर तीन महिने चित्राचं कपाळ मोकळं होतं. एक दिवस रागिणी आरशापुढे रडायलाच लागली, की तू माझी मम्मी वाटत नाहीस. तेव्हापासून रोज सकाळी ही एक बारीक लाल टिकली लेकीच्या हातून लागत होती. त्यात कोणाचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला कोर्टाचा शिपाई समन्स देऊन गेला. मारहाण करून साधी दुखापत केल्याचा आरोप होता. आरोपी चित्रा आणि फिर्यादी रत्नप्रभाबाई, म्हणजे तिची सख्खी मोठी जाऊ.

घडलं होतं ते असं. संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा चित्राची मैत्रीण नलिनी हिच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. अंधाराच्या आत सगळ्यांना घरी पोहोचायचं, म्हणून तीनलाच बोलावणं. नलिनीने चित्रालाही बोलावलं. मनाने चांगली बाई, एकट्या मैत्रिणीला वगळणं तिला जमलं नाही. चित्रा नि तिची जाऊ सोडल्या, तर नलिनीसकट बावीस बायका होत्या. सहा पदवीधर, एक तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी. करंडा घेऊन नलिनी ओळीने कुंकू लावत आली आणि चित्रापुढे थांबली. चित्राने कपाळ किंचित पुढे केलं. नलिनीचं बोट करंड्यातच राहिलं.

तेवढ्यात रत्नप्रभाबाई उठल्या. पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं, एका हाताने चित्राची मान धरली आणि दुसऱ्या हाताने तिची टिकली खसाखसा पुसू लागल्या. "लाज नाही वाटत? माझा दीर जाऊन वर्ष नाही झालं!"

चित्राने तो हात जोरात झटकला. बाई तोल जाऊन चौरंगावर पडल्या आणि कोपराला दोन टाके पडले. बावीसजणी तिळगूळ हातात धरून बघत राहिल्या.

रत्नप्रभाबाईंचे यजमान रघुवीर म्हणजे अशोकच्याच ऑफिसातलं बडं प्रस्थ. ते आधी चौकीवर गेले. तिथला हवालदार म्हणाला, "साब, यहाँ रोज गोलियां चल रही हैं, आप औरतों का झगडा लेकर आए हो?" मग त्यांनी वकील गाठला आणि थेट कोर्टात फिर्याद ठोकली.

सेक्टर सतराच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये वकील सोढी बसत. सत्तरीचे सरदारजी. त्यांनी समन्स वाचलं, चष्मा काढला.

"डरने की बात नहीं। जमानत आजच होईल," हिंदी-पंजाबीत ते सांगू लागले. "गुन्हा कबूल केलात तर किरकोळ दंड, किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड, आणि घरी जा. पण नोकरी कुठे करता?"

"करत नाही. यांच्या जागी मिळायची आहे. पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी व्हायचीय."

"मग कबूल करायचं नाही. त्या फॉर्मात शिक्षा झाली का म्हणून विचारतात. दुसरा रस्ता समझौता. या कलमात जखमी माणूस केस मागे घेऊ शकतो, आणि कायद्याने तुम्ही निर्दोषच. सर्वांत सोपा रस्ता."

"आणि तिसरा?"

सोढींनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. "लढायचं. कोणी अंगावर हात टाकला तर तो झटकायचा हक्क कायदा देतो, लागेल तेवढा जोर लावून. पण वेळ लागेल, तोवर फॉर्मात लिहावं लागेल, केस चालू आहे. और गवाह चाहिए। एकच गोष्ट सांगणारा. बीबीजी, पहला हाथ किसका उठा?"

समझौत्याचा कागद रघुवीर स्वतः घेऊन आले. भाऊ गेल्याचं दुःख त्यांनाही होतं, खोटं का बोला. खुर्चीवर बसून त्यांनी बराच वेळ अशोकच्या फोटोकडे पाहिलं.

"चित्रा, मी तुझ्या वाईटावर नाही. सही कर, उद्या केस मागे घेतो. नोकरीसाठी मीच शब्द टाकीन."

कागदावर माफी होती आणि खाली एक ओळ: यापुढे मी विधवेस शोभेल असे राहीन, कुंकू लावणार नाही, मंगलकार्यास जाणार नाही.

"भाऊजी, हे कोर्टाला कशाला हवं?"

"कोर्टाला नको. तुझ्या वहिनीला हवंय. चार लोकांत मानही गेला आणि हातही सुजला तिचा."

कागद दोन दिवस घरात होता. सही करावीशी वाटली नाही असं नाही; घरमालक रोज विचारत होता, नोकरीचं काय झालं. दुसऱ्या दिवशी तिने पेनाचं टोपण काढलंही. इतक्यात टिकलीचं पाकीट घेऊन रागिणी समोर येऊन उभी राहिली, रोजच्यासारखी. चित्राने टोपण लावलं आणि कपाळ पुढे केलं. कागद तिने सही न करताच रघुवीरांकडे परत पाठवला.

आता साक्षीदार. चित्रा अकरा घरी जाऊन आली. कुणाचे मिस्टर नको म्हणत, कुणी नेमकं त्याच क्षणी खिडकीबाहेर बघत होतं. नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "मनाने मी तुझ्याच बाजूने आहे गं." नलिनीकडे ती गेलीच नाही, कारण नलिनीचं नाव फिर्यादीच्याच साक्षीदारांत होतं. तिचा नवरा बाळकृष्ण रघुवीरांच्या हाताखाली काम करी.

नलिनीच्या घरी त्या आठवड्यात रोज जेवताना हाच विषय होता.

"एवढंच सांगायचं," बाळकृष्ण म्हणाला, "की चित्राने ढकललं. खोटं आहे काय?"

"खोटं नाही जी. पण आधीचं काहून नाही सांगायचं?"

"कारण साहेब बोलून राहिले, सरहद्दीकडच्या ऑफिसात एक जागा खाली आहे म्हणून. तिकडं रोज मुडदे पडून राहिले, नलू. पोरं आहेत आपल्याला."

नलिनीने ताटं आवरली. तिची भीती खरी होती, आणि तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. दारात दोनदा झडती, आत पंखा बंद. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं, "समझौता?" चित्रा म्हणाली, "नहीं जी।" मागच्या बाकावर रत्नप्रभाबाईंनी तोंड फिरवलं.

नलिनी पिंजऱ्यात आली. फिर्यादीच्या वकिलाने पढवलेले चार प्रश्न विचारले, तिने चार उत्तरं दिली. हो, हळदीकुंकू होतं. हो, चित्राने ढकललं. हो, रक्त आलं. हो, मी पाहिलं. बाळकृष्णाने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग सोढी सावकाश उठले. "बीबीजी, मुझे एक ही बात पूछनी है। पहला हाथ किसका उठा?"

नलिनीने नवऱ्याकडे पाहिलं. मग चित्राकडे, तिच्या टिकलीकडे.

"रत्नप्रभाबाईंचा," ती म्हणाली. "त्यांनी मान पकडली, ओल्या पदराने टिकली पुसली. बाद में चित्रा ने हाथ झटका।"

मॅजिस्ट्रेट टायपिस्टला हिंदीत सांगत गेले, मशीन खडखडत राहिलं. "बस, जा सकती हो।"

नलिनी उतरली नाही. कठडा धरून ती आता मराठीतच बोलू लागली. "साहेब, अजून एक आहे. त्यांचा हात नंतर उठला. त्याच्या आधी माझं बोट कुंकवात होतं, आणि ती माझ्यापुढे कपाळ करून बसली होती. माझा हात उठलाच नाही. मी लावलं असतं, तर त्या उठल्याच नसत्या. हा गुन्हा कोणाच्या नावावर लिहायचा?"

मॅजिस्ट्रेटनी सोढींकडे पाहिलं. सोढींना शब्द कळले नव्हते, पण चित्राने त्यांना हळूच अर्थ सांगितला, आणि त्यांनी तो कोर्टाला सांगितला. "इसका केस से संबंध नहीं," मॅजिस्ट्रेट म्हणाले, आणि पुढच्या साक्षीदाराचं, टाके घालणाऱ्या डॉक्टरचं, नाव पुकारलं गेलं.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. चित्रा निर्दोष सुटली आणि नोकरीवरही रुजू झाली. बाळकृष्णाची बदली निकालाआधीच झाली होती, सरहद्दीकडे. निघायच्या दिवशी नलिनी करंडा घेऊन मनीमाजऱ्याला आली, दारातच चित्राला कुंकू लावलं आणि चहाही न घेता बसला गेली.

साक्षीचा तो कागद मी कोर्टात जाऊन पाहिला. नलिनीचं शेवटचं बोलणं त्यात नाही, टायपिस्टने ते घेतलं नव्हतं. बाकी एकवीसजणींची तर साक्षच झाली नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, म्हणून इथे लिहून ठेवलं आहे.