कागदात नसलेला 'हं'

टीव्हीवर निळं जाकीट घालून बातम्या देते ना, ती माझी धाकटी बहीण. जाकीट मी शिवलंय. हे कुणाला माहीत नसतं. लोक म्हणतात, काय शोभतं तिला. शोभणारच. आतून खांद्यांना कापूस भरलाय मी, नाहीतर तिचे खांदे पहिल्यापासून पडेलच आहेत.

आमच्या आईला दोन मुली. एक रोज संध्याकाळी काचेतून येते. दुसरी बस बदलून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येते. आई कुणासाठी केस विंचरून बसते, ते मी सांगायला नको. बातम्यांआधी ती तोंडसुद्धा धुते, जसं काही धाकटीला तिकडून दिसतंय. मी आले की म्हणते, पाय पूस.

त्या दिवशी सकाळी धरणावरच्या मोठ्या साहेबांची बायको माझ्या शिवणाच्या दुकानात आली. एरवी आरशासमोरून हलायची नाही अशी बाई. तिचा ड्रेस अजून कच्च्या टाक्यांवर होता, नुसता दोऱ्यानं धरून ठेवलेला.

"असाच द्या," ती म्हणाली.

"अहो, हात वर केलात तर उसवेल."

"उसवू दे. आम्ही आत्ताच निघतोय, भावाकडे."

बाहेर तिच्या गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या होत्या. भावाकडे जाताना गाद्या कोण नेतं? मी तसं म्हटलं तर तिचे डोळे भरूनच आले. "तुमचं कुणी खाली राहतं का?" एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकताच गेली.

खाली, धरणाच्या पायथ्याच्या वस्तीत, माझी आई राहते. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तडक निघाले.

आई शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. म्हटलं, धरणाचं काहीतरी बिनसलंय, चार दिवस माझ्याकडे चल.

"धाकटी तर काही बोलली नाही."

"अगं, साहेबाची बायको गाद्या घेऊन पळाली."

"पळू दे. तसं काही असतं तर टीव्हीवर सांगितलं नसतं का? धाकटी तिथे कशाला बसलीये?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी समोर बसून घसा फोडतेय, आणि हिला त्या खोक्यातूनच ऐकायचंय. दुपारभर मी गोड बोलले, रुसले, भांडले. शेवटी पायासुद्धा पडले. आई शेंगा सोलत राहिली.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्या रोज बातम्यांना आमच्याकडेच असतात. वस्तीत सगळ्यांनीच धाकटीला डोक्यावर बसवलंय. आपली पोरगी टीव्हीवर, असं म्हणतात. माझ्याकडून पडदे शिवून घेतात, पण मी कधी कुणाची आपली पोरगी झाले नाही.

धाकटी आली. निळं जाकीट, हसरा चेहरा. धरण भक्कम आहे, म्हणाली. काही मंडळी अफवा पसरवत आहेत, नागरिकांनी निश्चिंत राहावं. मग धरणावर सहलीला आलेली माणसं दाखवली, आइस्क्रीम खाताना.

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "उगाच आईला घाबरवतेस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तेवढ्यात धाकटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काही झालं नाही हं."

"किती गोड बाई," काकू म्हणाल्या. "घरच्यासारखं बोलते अगदी."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

धाकटी लहान असताना काही सांडलं, फोडलं, की स्वयंपाकघराच्या दारात येऊन आपणहून म्हणायची, आई, काही झालं नाही हं. कुणी काही विचारलेलं नसायचं. ते ऐकलं की आई हातातलं टाकून धावायची. एकदा धावली तेव्हा बाहेरच्या खोलीतला पडदा पेटलेला होता.

आईनं टीव्ही बंद केला. धाकटी दिसत असताना तिनं टीव्ही कधी बंद केलेला नाही. औषधं घेतली, दोन कपडे घेतले, भिंतीवरचा धाकटीचा फोटो काढून पिशवीत घातला. शेजारचा माझा फोटो तसाच राहिला.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"मोठीकडे. बरेच दिवस गेले नव्हते."

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. आईला आत बसवलं आणि धाकटीला फोन लावला. चांगली खडसावणार होते.

"आई निघाली ना?" तिनंच आधी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तू मला सकाळीच सांगायचं होतंस."

"वाचायचा कागद बुलेटिनच्या जरा आधी हातात आला, ताई. बाजूला माणसं उभी होती. त्यात फक्त तो हं माझा होता." मग म्हणाली, "आणि तुला सांगितलं असतं तरी आईनं तुझं ऐकलं असतं का?"

फोन तिकडूनच बंद झाला. मला काय वाटलं ते सांगते. वाईट वाटलं. आई वाचली याचा आनंद नंतर झाला, आधी वाईटच वाटलं. मी दिवसभर खरं सांगून जे झालं नाही, ते हिनं खोटं बोलून एका अक्षरात करून टाकलं.

"काकूंना सांगून ये," आई रिक्षातून म्हणाली. "सगळ्यांनाच सांग."

"तू सांग ना. तुझं ऐकतील."

आईनं फोटोची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "माझी पोर खोटं बोलतेय, हे माझ्या तोंडून नाही निघायचं. तिची नोकरी जाईल, अजून काय काय होईल. तू सांग. तुला सवय आहे तिच्याविरुद्ध बोलायची."

मी परत गेले. काकूंनी दार उघडलं. आता त्यांच्या घरात टीव्ही चालू होता, आमचा बंद झाला म्हणून.

"काकू, आत्ताच्या आत्ता निघा. धरणाचं खरं नाही. ती खोटं बोलतेय."

"कोण?"

"आमची धाकटी."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. माझ्या गालावरून हात फिरवला.

"आयुष्यभर जळलीस बाई तिच्यावर," त्या म्हणाल्या. "आता तरी सोड. चांगलं झालंय पोरीचं."

"काकू, तुमच्या पाया पडते."

"घरी जा. आईला नीट ने."

दार लागलं. मी कडी वाजवत राहिले, हाका मारत राहिले. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या, मी आहे असं बघून बंद झाल्या. आत धाकटीच्या बातम्या पुन्हा दाखवत होते. काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला.