झालं की हाक मारा

लोकांची माणसं गोल करून, मधोमध भोक पाडून परत देणं हा माझा व्यवसाय आहे. दुकानावरची पाटी हेच जरा सभ्य शब्दांत सांगते : 'जुन्या कॅसेट आणि कॅमेऱ्यातले व्हिडिओ डिस्कवर करून मिळतील.' कुणी लग्न घेऊन येतं, कुणी रांगणारं बाळ, कुणी वारलेला काका. जाताना प्रत्येक जण एकच विचारतो, "घरच्या प्लेअरवर अडकणार नाही ना?"

अडकण्याचं शास्त्र सोपं आहे. घरचा प्लेअर हा म्हातारा माणूस समजायचा. त्याला दर सेकंदाला किती माहिती भरवायची, त्याला आमच्यात बिटरेट म्हणतात. घास फार मोठा झाला की त्याला ठसका लागतो आणि चित्र थिजतं. फार छोटा केला की चेहरे चौकटी-चौकटींचे दिसतात, फरशी बसवल्यासारखे. भिंतीसमोर गप्प बसलेला माणूस थोडक्यात भागवतो. पाऊस, पाणी, हलणारी पानं हे सगळे खादाड. म्हणून घास लहान, वेग सारखा, आणि वरची मर्यादा कधीच ओलांडायची नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी ताईला आणि मला त्यांना भरवायला शिकवलं. घास लहान, वेग सारखा. मी विचारलं, "आणि वरची मर्यादा?" त्या म्हणाल्या, "ही थट्टेची जागा नाही." मी थट्टा करत नव्हतो. माझा चेहराच तसा आहे.

बाबांचा उजवा हात गेला, बरेचसे शब्द गेले, आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली ही बातमीही डोक्यातून गेली. ती अधूनमधून परत यायची आणि दर वेळी ताजी असायची. दवाखान्यात त्यांना नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी उपसून काढली. मग तिथल्या लोकांनी त्यांचा डावा हात पलंगाच्या दांडीला बांधला. चालता हात एकच, आणि तोही कैदेत. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तोंडानं खाल्लं तर उत्तम. वजन उतरत राहिलं तर पुन्हा नळी." नळीचं पाकीट त्यांनी बरोबरच दिलं. ताईनं ते कपाटात चादरींच्या मागे ठेवलं. कपाट उघडलं की आम्ही दोघंही चादरींकडे बघायचं टाळायचो.

बाबा तोंड उघडत नव्हते. आम्ही चमच्याची विमानं उडवली, रागावलो, रडलो, आणि वाटीतलं स्वतःच खाऊन दाखवलं. त्यात माझं वजन वाढलं. एका दुपारी काहीच सुचेना म्हणून मी आईची डिस्क लावली.

नवा कॅमेरा घेतला तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलावर बसून केलेलं ते चित्रण. आई पळी घेऊन उभी. तिच्या मागे खिडकीचा बारीक फुलाफुलांचा पडदा पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतोय. आई सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे बाबांकडे बघते आणि म्हणते, "बघत काय बसलात? जेवा आधी." आणि तिथे अडकते.

अडकण्याचं कारण मीच. ती डिस्क केली तेव्हा आईच्या बाबतीत काटकसर नको म्हणून मी बिटरेट पार टोकाला नेला होता. गिऱ्हाइकानं असं मागितलं असतं तर मी त्याला प्रेमाची आणि प्लेअरची गल्लत करू नका असं सांगितलं असतं. पडद्यावरची सगळी फुलं एकदम हलली की प्लेअरला ठसका. आई थिजायची : एक डोळा अर्धा मिटलेला, ओठ जरा वाकडे, पळी वर. आतून कर्रर्र कर्रर्र आवाज यायचा आणि मधूनच चित्र कणभर थरथरायचं.

बाबांनी तोंड उघडलं. वाटी संपली.

मग रोज तसंच. आई अडकायची, बाबा तिच्याकडे बघत गिळायचे, आणि वजनाच्या काट्यानं उतरणं थांबवलं. इथे आम्ही दोघांनी हात जोडून गप्प बसायला हवं होतं. पण आमच्या घरात चाललेल्या गोष्टीला सुधारायची परंपरा आहे.

"आईचा काय अवतार करून ठेवलायस!" ताई म्हणाली. "प्यायल्यासारखी दिसते."

"ती अडकलीय."

"मग सोडव की. लोकांच्या सासवा तुझ्याकडून सरळ चालत बाहेर पडतात, आणि आपली आईच तेवढी अडकते!"

हे मला लागलं. मी मूळ कॅसेट दुकानात नेली आणि सगळं रीतसर केलं. आमचा प्रोग्रॅम व्हिडिओ दोनदा बघतो. पहिल्यांदा नुसता अंदाज घेतो, दुसऱ्यांदा वाटप करतो. पडद्याला कमी, चेहऱ्याला जास्त, वर कडक मर्यादा. डिस्कही सावकाश वेगानं लिहिली. दुकानाचे मालक मागे उभे होते. "पडदा धुरकट आलाय," ते म्हणाले.

"पडदा कोण बघतंय?"

नवी डिस्क लोण्यासारखी चालली. "बघत काय बसलात? जेवा आधी," आई म्हणाली. आणि मग आम्ही सगळे विसरून गेलो होतो ते वाक्य आलं : "झालं की हाक मारा." ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. थोडा वेळ नुसता धुरकट पडदा हलला, आणि पडदा निळा झाला. टीव्हीचा.

बाबांनी घास तोंडातच धरला. "अगं," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "अगं ए!" त्यांचे बरेच शब्द गेले होते, हे दोन मात्र शाबूत होते. मी पुन्हा डिस्क लावली. ती पुन्हा आली, पुन्हा जेवा म्हणाली, पुन्हा निघून गेली. दिवसभर आमच्या घरात आई सोडून जात होती, अजिबात न अडकता.

"ती येऊ दे," बाबा म्हणाले आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशीही मिटलेलंच. तिसऱ्या दिवशी ताई बाबांना उचलून काट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली, आणि वजाबाकी केली. "माझंच वाढलं असेल," ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकदम चादरींकडे बघितलं.

"जुनी डिस्क कुठंय?" मी विचारलं.

ताईनं बाल्कनीकडे बोट केलं. कबुतरांना भीती वाटावी म्हणून तिनं ती दोऱ्याला बांधून लटकवली होती. तिच्या शेजारी एक कबुतर बसून तिच्यात स्वतःला न्याहाळत होतं. चरे इतके पडले होते, की प्लेअरनं तिला ओळखही दाखवली नाही.

"नवीच लाव ना," ताई म्हणाली. "आणि तिथे पॉज कर. डोकं वापर जरा."

डोकं वापरलं. आई थांबली. दोन घास गेले, आणि प्लेअर कंटाळला. आईच्या तोंडावरून कंपनीचं चिन्ह या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारू लागलं. बाबा माशीकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

मग मी ती एकच फ्रेम लांबवून जेवणभर पुरेल अशी डिस्क केली. आई स्थिर, स्वच्छ, अगदी न थरथरता. बाबांनी निरखून बघितलं.

"फोटो," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द गोळा करून, "फोटोला... कळत नाही. मी जेवलो की नाही."

थरथरणारी आईच हवी होती, बाबांची वाट बघत अडकलेली.

मी दुकानात जाऊन म्हणालो, "मालक, मला अडकणारी डिस्क करायचीय."

"त्यात नवीन काय? पहिल्या महिन्यात तू सगळ्या तशाच करायचास."

पण चुकून चुकणं आणि ठरवून चुकणं यात फार अंतर आहे. पूर्वीसारखा बिटरेट टोकाला नेला, तर आई येण्याआधीच चित्र अडकलं आणि बाबांसमोर वाटीभर वेळ फ्रिज थरथरत राहिला. दुसऱ्या डिस्कमध्ये नुसती पळी. तिसरीत आईची पाठ, आणि ती बघून बाबांनी मान फिरवली. कुणाचा तरी जुना प्लेअर उसना आणला, तर तो नव्या दमाचा निघाला. काहीही गिळायचा, ठसका म्हणून नाही. आई त्याच्यातून तडक स्वयंपाकघरात गेली.

शेवटी मी चित्रणाचे दोन तुकडे केले. 'जेवा आधी' येईपर्यंत प्लेअरला अर्धपोटी ठेवायचं, आणि तिथून पुढे पडद्यावरच्या एकेका फुलासकट सगळं ताट एकदम घशात कोंबायचं. प्रोग्रॅमनं विचारलं : हा व्हिडिओ घरच्या प्लेअरवर नीट चालणार नाही, तरी पुढे जायचं का? माझ्या आयुष्यात मला इतक्या काळजीनं फार कमी जणांनी काही विचारलंय. मी 'हो' दाबलं.

आई म्हणाली, "जेवा आधी," आणि थिजली. एक डोळा अर्धा मिटलेला. कर्रर्र. कणभर थरथर.

बाबांनी तोंड उघडलं. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "दिसते मात्र प्यायल्यासारखीच," ती नाक ओढत म्हणाली.

आता जे चाललं होतं त्याचा अर्थ मला धंद्यामुळे कळत होता. अडकलेला प्लेअर डिस्क वाचायचं सोडत नाही. त्याचं भिंग त्याच जागी पुन्हा पुन्हा धडपडतं, तापतं, झिजतं. असे प्लेअर आता कुणी बनवत नाही. एका म्हाताऱ्याला जेवू घालायला मी दुसऱ्या म्हाताऱ्याचा जीव घेत होतो, आणि दोघंही बिचारे तक्रार करत नव्हते. कर्रर्र आवाज रोज जरा बारीक होत गेला.

मग एका दुपारी अर्धी वाटी उरली असताना तो थांबला. आई गेली. निळ्या पडद्यावर अक्षरं आली : डिस्क नाही.

मी चमचा हवेत धरून बसलो. ताईनं कपाटाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. बाबा मात्र शांत होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, तोंड पुसायला डावा हात उचलला आणि चक्क खोटं बोलले.

"अगं," ते म्हणाले, "झालं गं."

प्लेअरचा ट्रे हळूच बाहेर आला.

होतं असं. भिंग दमलं की काही प्लेअर शेवटी डिस्क परत करतात. हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. त्या वेळी कुणी विचारलं नाही.

"आली," बाबा म्हणाले.

ट्रे आत ढकलायला मी हात पुढे केला, तर ताईनं फटकन माझ्या हातावर मारलं. "राहू दे की! आत्ता तर आलीय."

प्यायल्यासारखी दिसते म्हणणारी हीच ती. मग चमचा बाबांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी मान हलवली.

"ती जेवली नाहीये," ते म्हणाले. "आधी तिला."

आता ताई डॉक्टरांचं नाव काढेल असं मला वाटलं. ती उठली, एक लहान ताटली घेऊन आली, वाटीतलं दोन चमचे तिच्यात काढलं, कडेला सांडलेलं बोटानं पुसलं, आणि ताटली प्लेअरच्या पुढ्यात ठेवली. ट्रेवरच्या डिस्कमध्ये ताटली उलटी दिसत होती. त्या फटकळ बाईचा एवढा हलका हात मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आम्ही थांबलो. मेलेल्या माणसाला दोन चमच्यांना किती वेळ लागतो याचा आमच्यापैकी कुणालाच अंदाज नव्हता. निळ्या उजेडात बाबांच्या गालाची हाडं फारच वर आलेली दिसत होती.

मग त्यांनी तोंड उघडलं. मी लहान घास दिला. ते चावत राहिले, थांबले, गिळलं. मी दुसरा पुढे केला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून खाली केलं.

"तिला घाई करू नकोस," ते म्हणाले.

"नाही करत, बाबा," ताई म्हणाली आणि ताटलीत अजून अर्धा चमचा वाढला.