सोजराबाईचं कडवं

भोसरीच्या आबाजीला अक्षरओळख नव्हती, पण जत्रेत गावचा फड गायचा ती गाणी सगळी त्याची. मोट हाकताना त्याला शब्द सुचत. बैल मागं सरताना पहिली ओळ, भरली मोट ओढत उताराला लागले की दुसरी. दुपारी सोजराबाई भाकरी घेऊन आली, की तो बायकोला गाणं म्हणून दाखवी. ती ते ध्यानात ठेवी आणि फडाचा गाणारा भैरू तिच्याकडूनच पाठ करी.

छप्पन्न साली धाकट्या भावानं, उद्धवरावानं, विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. पिकाला पाणी भरपूर झालं आणि आबाजीचं गाणं आटलं. त्या धडधडीत त्याला स्वतःचं गुणगुणणंही ऐकू येईना. जत्रा आठ दिवसांवर आली, तोवर भैरू दोनदा हात हलवत परत गेला होता. शेवटी आबाजीनं त्याला निरोप धाडला, यंदा जुनंच गा.

त्या दुपारी बांधावर भाकरी खाताना तो कशीबशी एक ओळ म्हणाला, "इंजिन आलं मळ्यात, बैल बसलं सावलीत." पुढं गाडं अडलं. सोजराबाई कांदा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"धनी माझा का ग उभा, नाडा धरून हातात?"

आबाजीचा घास तसाच राहिला. पंधरा दिवस आपण मोट ओढायचा दोर, तो नाडा, हातात घेऊन फिरतोय, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. नाडा बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "याआधीबी घातल्यास व्हय ओळी?"

"तुमी इसरायचा. मग भैरूला सांगताना मी जोडून द्यायची," ती म्हणाली. "समदीकडं न्हाई."

कुठली कुठली, ते त्यानं खोदून विचारलं. लोक पुन्हापुन्हा म्हणायला लावत ती दोन कडवी तिचीच निघाली. आबाजी तणतणत विहिरीपर्यंत गेला, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन तिच्यापाशी बसला. "पुढचं सांग," म्हणाला.

शेवटच्या कडव्यात 'आबाजी म्हणे' असं यायचं, हा रिवाज. त्या जत्रेत भैरूनं नव्या गाण्याच्या शेवटी 'आबाजी-सोजरा म्हणे' असं गायलं. दोघाचौघा म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बायकांच्या घोळक्यात सोजराबाईनं पदर तोंडाशी धरला, पण ती उठून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची गोजाबाई दारात आली. लेकीच्या हळदीला नवं गाणं हवं होतं. आबाजीनं सवयीनं घसा खाकरला, तर ती म्हणाली, "तुमाला न्हाई, भावजी. सोजराबाईला इचारतीया."

आबाजी हसला आणि बसायला घोंगडी अंथरून बाजूला झाला.