मायच्या पदराचा वास

जिवतीकडच्या एका पाड्यावर सकाळपासून माणसं नाक पुढं करून रांगेत उभी होती. परगावच्या बाबानं देवीचा पदर आणला होता आणि त्याला म्हणे फुलांचा वास येत होता. गावात दोन बैल मेले होते. करणी कोणाची, ते हा पदर सांगणार होता.

"ज्याचं मन साफ, त्यालेच माय महकते! पापी नाकाले काईच नाई!" बाबा ओरडला. वास आला तर देवीचा चमत्कार, नाही आला तर तुमचं पाप. बाबाची सोय दोन्हीकडून होती.

चैतूनं पदर हुंगला. वास कसला तो आलाच नाही. "अहाहा!" म्हणून तो बाजूला झाला.

मागून त्याची विधवा बहीण सुकरी आली. तिनं दोनदा हुंगलं. "मले तं काईच येत नाई."

गाव एक पाऊल मागं सरलं. "हेच करणीवाली! दिवस बुडायच्या आत हिले गावाबाहेर काढा," बाबानं फर्मावलं. चैतू गर्दीत आणखी मागं सरकला.

रांगेतल्या, आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दिव्या मॅडमनी पदर हुंगला आणि एक रिकामं मडकं पुढं ठेवलं. "मले येते वास. पण सगळे परत हुंगा, अन् मडक्यात हात घाला. वास आला तं मोहाची बी टाका, नाई आला तं गोटा. कोणाचं कोणाले दिसणार नाई."

बाबा कुरकुरला, पण गाव बघत होतं. मडकं पालथं केलं तेव्हा साठ माणसांमधून सतरा गोटे निघाले.

"दोन बैलांवर सतरा जणांनी करणी केली काय?" मॅडमनी विचारलं. दोन बैलांसाठी एवढी माणसं जरा जास्तच होती.

चैतू उभा राहिला. "एक गोटा माझा हाय. मी भेलो, खोटं बोललो, अन् बहिणीले एकटं सोडलं."

"मले बी नाई आला," म्हातारा मुखरू म्हणाला. मग लोकांनी बाबाची झोळी उघडली. आत अगरबत्तीत घालायच्या सुगंधाची बाटली होती.

"नाकात वास धरणारी प्रथिनं असतात," मॅडम म्हणाल्या. "ती कशी बनायची, ते जनुकात ठरलेलं असते. या वासाचं जनुक काई लोकांत जरा येगळं असते, त्याइले हा वास येतच नाई. अन् जनुक आईबापाकडूनच येते. म्हणून भावाले नाई, बहिणीलेबी नाई. यात पाप कुठी आलं? बैल काऊन मेले, ते जनावराच्या डॉक्टरले विचारा."

चैतू सुकरीजवळ गेला. "चाल, घरी जाऊ."

"सकाळीच बोलला असता तं?" तिनं विचारलं.

तुम्हालाही उद्या कोणी असा पदर हुंगायला देईल. वास आला नाही, तर नाही म्हणा. आणि तुमच्या आधी कोणी तसं म्हणालं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.